अंगठ्याला लागलेली सवय: खिशातले चार चाकू आणि त्यांचे कट्टर भक्त

ओपिनेलचा आठ नंबर ५० ग्रॅमच्या आत. व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन साधारण ६०. स्पायडरकोचा पॅरा मिलिटरी २ सुमारे ११० ग्रॅम, आणि बक ११० तब्बल २००. चारही घडीचे चाकू, चारही खिशातले म्हणवणारे, आणि चौघांचेही भक्त असे की त्यांच्यापुढे दुसऱ्या कंपनीचं नाव काढायची सोय नाही. स्विस चाकूवाला म्हणतो, कात्री नसलेला चाकू म्हणजे अर्धा चाकू. बकवाल्याला बाकी सगळी खेळणी वाटतात. स्पायडरकोवाला पोलादाच्या नावावर बोलायला लागला की थांबत नाही. ओपिनेलवाला शांतपणे सफरचंद कापत बसतो, कारण त्याचा चाकू सगळ्यांत स्वस्त असतो आणि सफरचंदही तोच सगळ्यांत चांगलं कापतो.

या निष्ठेला कारणं बरीच सांगितली जातात: पोलाद, हमी, देश, परंपरा. चारही चाकू रोजच्या वापरात शेजारी शेजारी ठेवले की कारण बरंचसं अंगठ्यात सापडतं. नखाच्या खाचेत नख घालून उघडायचा, कडं फिरवायचं, पाठीवरची पट्टी दाबायची की पात्यातल्या भोकात अंगठा घालून एका हाताने ढकलायचा, यातली जी सवय हाताला आधी लागते ती सुटत नाही. नंतर माणूस त्या सवयीला कंपनीचं नाव देतो. म्हणून इथे प्रत्येक चाकूचं पोलाद पाहायचंच, पण तो उघडतो कसा, मिटतो कसा आणि कुठे दगा देतो हे आधी.

व्हिक्टोरिनॉक्सपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे दुकानात सरळ मिळणारा हाच. १८८४ साली कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या श्वीझ परगण्यात, इबाख इथे कारखाना काढला. १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये ऑफिसरच्या चाकूची रचना नोंदवून घेतली. खुबी होती ती स्प्रिंगमध्ये: एकाच पाठीच्या स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं चालतात. आजचा, मिटल्यावर ९१ मिमी लांबीचा, स्पार्टन उघडून पाहिला तर हाडं तीच आहेत.

या चाकूत सगळी अवजारं एकाच कडकपणाची नसतात, हे फार जणांना माहीत नसतं. पातं रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास, कात्री, करवत आणि कानस ५३, पेचकस, डबा उघडायचं अवजार आणि टोच्या ५२, तर बुचाचा स्क्रू आणि स्प्रिंगा ४९. पेचकस पात्याइतका कडक केला तर पिळताना टोक तुटेल, स्प्रिंग तेवढी कडक केली तर तडकेल. आपल्याकडे लोहार कोयत्याला आणि पहारीला वेगळं पाणी देतो, तेच इथे कारखान्यात होतं. ज्यांना ५६ म्हणजे मऊ वाटतं त्यांचं म्हणणं खरं आहे. दिवसभर पुठ्ठे कापले तर संध्याकाळी टोमॅटोच्या सालीवर पातं घसरतं. पण साध्या दगडावर पाच मिनिटांत ते पुन्हा धारेवर येतं, आणि फारसं तडकत नाही. वापरणारा धार लावायला तयार असेल तर हा सौदा चांगला आहे.

लॉक मात्र नाही. ९१ मिमीच्या सगळ्या नमुन्यांत पातं नुसतं स्प्रिंगच्या जोरावर उभं असतं. टोकाने भोक पाडायला गेलं आणि जोर उलटा लागला की पातं बोटावर मिटतं. अपघात बहुतेक असेच होतात. भोकासाठी टोच्या दिलेला आहे, तो वापरावा. लॉक हवंच असेल तर १११ मिमीचे मोठे नमुने आहेत. स्विस सैन्याने २००८ मध्ये घेतलेला नवा सैनिकी चाकूही त्याच मापाचा, लॉकवाला आणि एका हाताने उघडणारा आहे.

कुठला नमुना घ्यावा यावर भक्तांत गट आहेत. स्पार्टनमध्ये बुचाचा स्क्रू येतो, टिंकरमध्ये त्या जागी चौफुली पेचकस. बाटलीचं बूच रोज काढत नसाल तर टिंकर घ्या. पण स्पार्टनवाले एक गोष्ट सांगतील आणि ती खरी आहे: दोरीची घट्ट गाठ सोडवायला त्या स्क्रूसारखं दुसरं काही नाही, आणि त्याच्या वेटोळ्यात चष्म्याचा इवलासा पेचकस बसतो. लाल प्लास्टिकच्या मुठी दगडावर पडल्या की कोपऱ्याला तडकतात. ॲल्युमिनियमच्या ९३ मिमीच्या पायोनियर आणि फार्मर नमुन्यांत ती कटकट नाही, पण त्यात चिमटा आणि दातकोरणं मिळत नाही. ज्याला काटे काढायची वेळ वारंवार येते त्याने ॲल्युमिनियमच्या देखणेपणाला भुलू नये.

स्विस चाकूंचा खरा भाऊबंदकीचा मामला मात्र वेंगरशी. फ्रेंच बोलणाऱ्या डेलेमाँ गावची ही कंपनी. १९०८ पासून सैन्याची मागणी दोघांत वाटलेली, एक जर्मन भाषक भागातला, एक फ्रेंच भाषक भागातला. जाहिरातीत एकाने ‘मूळ’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘अस्सल’, अशी शब्दांचीही वाटणी झाली होती. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ पासून चाकूंवरचं वेंगर हे नाव बंद केलं. वेंगरचे भक्त त्यानंतर जुना माल हुडकत फिरू लागले, आणि त्यांचं दुःख निव्वळ भावनेचं नाही. वेंगरच्या कात्रीच्या पात्याला बारीक दाते होते, त्यामुळे नायलॉनची दोरी किंवा नख निसटत नसे. व्हिक्टोरिनॉक्सच्या गुळगुळीत कात्रीत ती निसटते. उलट व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीची बारीक स्प्रिंग तुटली तर नवी घालता येते. (वेंगरने ८७ अवजारांचा एक अजस्र चाकूही काढला होता. तो खिशात जात नाही, हातात मावत नाही, आणि तरी लोकांनी घेतला. भक्ती म्हणतात ती ही.)

देखभालीत एकच चूक सगळे करतात: सांध्यात खोबरेल तेल. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात नाशिकला चाकू उघडायला नख तुटेल इतका जड होतो, आणि त्या चिकट थरावर खिशातली धूळ बसून काळा चिखल तयार होतो. करायचं ते असं: कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब, चाकू त्यात बुडवून प्रत्येक अवजार दहा-बारा वेळा उघडमीट, मग स्वच्छ पाणी, कापडाने पुसून पंख्याखाली तासभर, आणि शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा प्रत्येक सांध्याला एक थेंब. याच पात्याने फळ कापायचं असतं, म्हणून शिलाई मशीनचं तेल नको.

ओपिनेलची गोष्ट साधी आहे, म्हणूनच तिच्याबद्दल जास्त लिहावं लागतं. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला. १८९७ मध्ये त्यांनी १ ते १२ असे आकार ठरवले. १ आणि ११ हे १९३५ मध्ये बंद झाले, बाकीचे आजही चालू आहेत. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची, आणि सगळे मिळून भाग किती? पातं, मूठ, खीळ, एक आतलं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं. हे फिरतं कडं १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी बसवलं. ६ नंबरपासून पुढच्याच चाकूंना ते असतं. २००० पासून ते पातं मिटलेल्या अवस्थेतही अडकवता येतं.

पात्याची पाठ जेमतेम १.७ मिमी. बकची किंवा पॅरा मिलिटरीची याच्या जवळपास दुप्पट. इथेच ओपिनेलची सगळी जादू आहे. कापताना पात्याला वस्तू दोन्ही बाजूंना ढकलावी लागते, आणि जाड पातं म्हणजे पाचर. गाजराचा तुकडा कापला जाण्याआधीच तडकून उडतो तो जाड पात्यामुळे, धार कमी म्हणून नव्हे. दहा पट महागड्या पोलादाचा चाकू स्वयंपाकघरात ओपिनेलपुढे मार खातो तो या दीड-दोन मिलिमीटरपायी. पोलादाच्या नावांवर रात्र रात्र भांडणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

पोलादं दोन. पात्यावर ‘कार्बोन’ असेल तर ०.९ टक्के कार्बनचं गंजणारं पोलाद, ‘इनॉक्स’ असेल तर स्वीडिश जातीचं १२सी२७, न गंजणारं म्हणावं असं. कार्बनवाल्याची धार जास्त बोचरी होते आणि दगडावर लवकर चढते. पण कैरी कापली की दोन मिनिटांत पातं काळं-निळं होतं आणि फोडींना लोखंडी चव येते. घरातल्या जुन्या विळीचं पातं काळं का असतं हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. हा काळा थर वाईट नाही, तांबड्या गंजाला तो थोडा अटकाव करतो. नव्या पात्याला मुद्दाम चढवायचा तर पातं घासून तेल काढा, कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा (फक्त पातं, लाकूड नाही), धुवा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. एवढं करूनही मालवणला किंवा अलिबागला जून ते सप्टेंबर कार्बन ओपिनेल बाळगणं म्हणजे रोज संध्याकाळी एक काम वाढवून घेणं. किनाऱ्यावर इनॉक्स घ्या.

आणि मग पावसाळ्याचा खरा प्रश्न: लाकूड फुगतं. बीच लाकूड पाणी झटकन पितं. मूठ फुगली की खाच अरुंद होते आणि पातं आत अडकतं, नखाने काही केल्या निघत नाही. साव्हुआतल्या लोकांचा यावरचा उपाय जुना आहे: कडं मोकळं करायचं, चाकू पाठीकडून धरायचा आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं. पातं आपोआप बोटभर बाहेर येतं. कडं मोकळं करायला विसरलात तर नुसती मूठ आपटत बसाल. रोज ठोकायची वेळ येत असेल तर चाकू उघडा ठेवून दोन-तीन दिवस कोरड्या हवेत वाळू द्या. तरी घट्टच असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून सांध्याजवळच्या खाचेत प्रत्येक बाजूला चार-पाचच हात मारा. जास्त मारलेत तर उन्हाळ्यात पातं डगडग हलेल आणि ती चूक परत भरता येत नाही.

ओलावा मुळातच आत जाऊ नये म्हणून मुठीला जवसाचं तेल लावतात. पातळ हात, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून टाकायचं, दोन दिवस वाळवायचं, असं तीनदा. हे तेल सांध्यात मात्र जाऊ द्यायचं नाही. ते हवेत वाळून चिकट होतं, सांधा आणखी जाम करतं. सांध्यात पेट्रोलियम जेली भरून केस वाळवायच्या यंत्राने गरम करून मुरवावी, ती चिकटत नाही. तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं स्वतःच्याच उष्णतेने पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग फेका.

इतकी कटकट सांगूनही हा चाकू सोडवत नाही. चारांतला एकच घ्यायचा तर पहिला हा घ्यावा. बिघडला तरी दुःख होत नाही, आणि धार लावायला शिकण्यासाठी याहून चांगलं पातं नाही.

बक ११० बद्दल आदर आहे, प्रेम थोडं कमी. १९६४ मध्ये अमेरिकेत हा बाजारात आला आणि शिकाऱ्यांना कमरेला लांब म्यान बांधायची गरज उरली नाही. पावणेचार इंची टोकदार पातं, दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकूड, पाठीवर लॉक. घडीच्या चाकूला त्या देशात सरसकट ‘बक नाइफ’ म्हणू लागले, इतका तो रुजला. कंपनीच्या बोधचिन्हात चाकूवर हातोडा मारून लोखंडी बोल्ट कापलेला दाखवतात. घरी करून पाहू नये.

बकचे भक्त आपसांत भांडतात ते पोलादावरून. सुरुवातीचे चाकू ४४०सी पोलादाचे होते. ते ८० च्या दशकाच्या सुरुवातीला बदललं, आणि पुढे ४२०एचसी आलं, जे आजही आहे. जुने लोक म्हणतात, कंपनीने स्वस्तात उरकलं. कागदावर ते खरं वाटतं, कारण ४४०सी मध्ये कार्बन दुपटीहून जास्त. पण ४२०एचसी ला बककडे पाणी इतकं नीट दिलं जातं की तेच पोलाद दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त चाकूत वापरलं तर ओळखू येणार नाही. पोलादाचं नाव म्हणजे तांदळाची जात, भात कसा शिजला ते त्यावरून कळत नाही. जुना नग घ्यायचा असेल तर पात्याच्या बुडाशी वर्षाची खूण असते, १९८६ पासून दरवर्षी वेगळी. संग्राहक भाव तिच्यावरून ठरवतात.

दोष सांगायचे तर वजन आणि म्यान. २०० ग्रॅम पँटच्या खिशात ठेवून चालून पाहा. आणि चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवला तर पितळावर हिरवट थर आणि चामड्यावर बुरशी, दोन्ही नक्की. साठवताना चाकू म्यानाबाहेर ठेवा. पितळ चिंचेने उजळतं हे आपल्याला सांगायला नको, पण चिंचेचं पाणी सांध्यात शिरलं तर आतली स्प्रिंग गंजते. कापडाच्या टोकावर घेऊन फक्त पितळावर चोळा आणि लगेच पुसा. लॉक नीट बसत नसेल तर बहुतेक वेळा बिघाड नसतोच. खिशातला कापूस-धागा पात्याच्या मागच्या खाचेत साचलेला असतो आणि पट्टी पुरती खाली बसत नाही. दातकोरण्याने तो काढला की टक्‌ असा आवाज परत येतो. लॉक तपासायला पाठ टेबलावर आपटणारे लोक आहेत. त्याने खाचेची कड बोथट होते आणि चांगलं लॉक खराब होतं.

स्पायडरकोकडे वळलं की भाषाच बदलते. इथे चाकूला नाव आणि क्रमांक दोन्ही असतात, पॅरा मिलिटरी २ म्हणजे सी८१. सॅल ग्लेसर यांनी १९८१ मध्ये पात्यात गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप असलेला चाकू काढला, आणि एका हाताने चाकू उघडायची सवय अमेरिकेला लागली ती तिथून. पॅरा मिलिटरी २ च्या लॉकमध्ये पोलादाची पातळ पट्टी पात्याचं बूड आणि अडवी खीळ यांच्यामध्ये पाचरीसारखी शिरते. ती पाठीच्या बाजूने दाबायची असते, त्यामुळे मिटताना एकही बोट धारेच्या वाटेत येत नाही. हे एकदा हाताला कळलं की बकची पाठीवरची पट्टी अवघड वाटू लागते.

पोलाद आधी एस३०व्ही, आता एस४५व्हीएन. एस३०व्ही मध्ये ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे अतिकठीण कण पोलादात विखुरलेले असतात आणि त्यांच्यामुळे धार कितीतरी जास्त टिकते. पण धार गेल्यावर तेच कण तुमच्या साध्या दगडाला दाद देत नाहीत, कारण दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा ते कठीण. अर्धा तास घासून हात दुखतात आणि धार चढत नाही, मग माणूस चाकूला दोष देतो. हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते, साधारण ६०० आणि १२०० नंबरच्या अशा दोन. आणि हे पातं पिळायचं नाही. नारळाच्या करवंटीत टोक घालून वाकवलं की धारेला दात पडतात, जिथे व्हिक्टोरिनॉक्सचं पातं नुसतं वळलं असतं.

या कंपनीच्या भक्तांची गंमत अशी की ते एका नावाशी एकनिष्ठ असतात आणि माल चार-पाच देशांचा असतो. पॅरा मिलिटरी कोलोरॅडोतल्या गोल्डन गावचा (पात्यावर गावानंतर राज्य, देश आणि शेवटी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी, असंही छापलेलं असतं). डेलिका आणि एंड्युरा जपानच्या सेकीचे, व्हीजी-१० पोलादाचे. काही तैवानमधल्या ताइचुंगचे. आणि टेनेशियस चीनचा, ८सीआर१३एमओव्ही पोलादाचा. ‘स्पायडरको चांगला’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. डेलिका घ्या, वजनाला हलका, पातं पातळ, गोल भोक तेच. समुद्रावर काम असेल तर सॉल्ट मालिकेतले चाकू पाहा. त्यांत बरीच वर्षं वापरलेलं एच-१ पोलाद खाऱ्या पाण्यातही जवळजवळ गंजत नाही. धार मात्र लवकर जाते, विशेषतः सरळ पात्याची. दातेरी पातं घेतलं तर ती तक्रार कमी होते.

बेंचमेडचं थोडक्यात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली कंपनी, तिचं ॲक्सिस लॉक म्हणजे मुठीत आडवी सरकणारी पोलादी दांडी, दोन्ही हातांना सारखीच सोपी. डावखुऱ्या लोकांची निष्ठा इथे खूप आहे आणि ती समजण्यासारखी आहे. दांडीला पात्याकडे ढकलणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी लॉक चालतं पण ढिलं लागतं, तेव्हाच बदलून घ्यावी. २०१७ चा बगआउट फक्त ५२ ग्रॅमचा आहे, मूठ दाबली की किंचित लवते, आणि त्या लवण्यावरून कितीतरी शाई सांडली गेली आहे. या लॉकचं पेटंट संपल्यावर तशीच आडवी दांडी दुसऱ्या अनेक कंपन्यांनी बसवली, निम्म्याहून कमी किमतीत. बरेच कट्टर भक्त तेव्हा गुपचूप पलीकडे गेले. अंगठ्याला हवं ते मिळालं म्हटल्यावर नाव मागे पडलं.

याच कंपनीच्या बाबतीत निष्ठा उलटीही फिरलेली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओरेगन सिटीच्या पोलिसांनी बंदुका कापून नष्ट करतानाची छायाचित्रं टाकली आणि बेंचमेडच्या कारखान्यातलं यंत्र वापरायला दिल्याबद्दल आभार मानले. अमेरिकेत चाकूवाले आणि बंदूकवाले बरेचसे तेच लोक. बहिष्काराची हाक लगेच उठली. पोलिसांनी विनंती केली म्हणून यंत्र वापरू दिलं, असा खुलासा कंपनीला करावा लागला. चाकूच्या पात्यात, लॉकमध्ये, हमीत काही बदललं नव्हतं.

बंदुकीच्या बाजूला निष्ठा जास्त चिवट असते, आणि त्यात व्यवहार आहे. जॉन ब्राउनिंग यांचं ‘१९११’ नावाचं पिस्तूल अमेरिकी सैन्यात १९११ पासून १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत मुख्य पिस्तूल होतं. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलं. दोघांच्या मुठीचा कोन वेगळा, त्यामुळे एकाची सवय असलेल्याने दुसरं उचललं की नेम सहज वर किंवा खाली जातो. पुन्हा हाताचीच गोष्ट. पण तिथे पिस्तुलाबरोबर मॅगझिनं, म्यानं, सुटे भाग जमलेले असतात. कंपनी बदलली की ते सगळं बाद. चाकूवाल्याला असलं काही ओझं नाही, तरी तो हटत नाही.

धारेबद्दल एक ठोकताळा चारही चाकूंना चालतो. दगडावर पातं उभं धरलं की ९० अंश, त्याचा निम्मा ४५, त्याचा निम्मा साडेबावीस. त्याहून किंचित खाली, २० च्या जवळ. आधी धारेच्या उतारावर काळ्या मार्कर पेनने रेघ ओढा. दोन हात मारून पाहा: शाई पाठीकडची गेली तर कोन कमी पडतोय, अगदी कडेचीच गेली तर जास्त. पूर्ण गेली की तोच कोन धरा. एका बाजूने तोवर घासा जोवर पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कड अडकत नाही. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती संपूर्ण लांबीभर आल्याशिवाय बाजू बदलली तर कितीही घासा, टोकाजवळ चाकू बोथटच राहतो. नंतर दुसरी बाजू, मग हलके आलटूनपालटून हात, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-पंधरा वेळा. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्या, कोयता द्या, हे चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. कडेला निळसर झाक दिसली की तिथलं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग झिजून जाईपर्यंत धार तिथे टिकणार नाही.

बाळगण्याबद्दल. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. इथले चारही चाकू त्या मापाच्या खूप आत आहेत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात तेव्हा चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, तिथे इंच मोजत बसण्यात अर्थ नाही. विमानात हातातल्या पिशवीत यातला एकही चालणार नाही. चेक-इनच्या बॅगेत टाका. किल्ल्यांच्या जुडग्यात लटकणारा ५८ मिमीचा छोटा व्हिक्टोरिनॉक्स सगळ्यांत जास्त विसरला जातो, आणि सुरक्षा तपासणीत तोच जातो.

घेताना ऑनलाइन स्वस्तातला व्हिक्टोरिनॉक्स दिसला तर तीन जागा पाहा. मोठ्या पात्याच्या बुडाशी कोरलेली अक्षरं स्वच्छ हवीत, पुसट किंवा वाकडी नकोत. उजेडाकडे धरल्यावर स्प्रिंग आणि पत्र्यांच्या मधून प्रकाश दिसता कामा नये. आणि पातं मिटताना शेवटच्या टप्प्यात ते स्वतःहून आत ओढलं जाऊन टक्‌ वाजलं पाहिजे. नकली चाकूत ते मऊ, गुपचूप बसतं.